परसातली भेंडी फ्रीझरमध्ये ठेवायची आहे, पण लगदा नको

अंगणवेल | १७ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलायनात, रालेच्या जवळ राहते. मे महिन्यात मागच्या अंगणात भेंडीची १४ रोपं लावली, जात 'क्लेमसन स्पाइनलेस'. नावात काटे नाहीत म्हणतात, पण लांब बाह्यांचा शर्ट न घालता तोडायला गेलं तर रात्रभर हात खाजतात. आता रोपं माझ्या डोक्यावर गेलीत.

लोकांना वाटतं की भेंडी फार येते ही अडचण असेल. माझी अडचण उलटी आहे. रोज सात-आठच येतात. आम्ही चौघं, भाजीला निदान पस्तीस तरी हव्यात. म्हणजे चार-पाच दिवस साठवायच्या, तर तोवर पहिल्या दिवसाच्या फ्रीजमध्ये काळवंडतात. झाडावर राहू द्याव्यात तर दोन दिवसांत जून. मध्ये तीन दिवस समुद्रावर गेलो होतो, परत आल्यावर वीतभर लांबीच्या अकरा भेंड्या मिळाल्या. सुरी आत जाईना.

म्हणून गेल्या वर्षी रोजच्या रोज धुऊन पिशवीत टाकत गेले आणि पिशवी फ्रीझरमध्ये. डिसेंबरात मोठ्या हौसेने काढली, ओट्यावर ठेवून मऊ होऊ दिली, चिरायला घेतली. सुरीला, पाटाला, बोटांना तारा. कढईत पडल्यावर जे झालं त्याला नवऱ्याने "ही खीर का?" असं विचारलं.

प्रश्न असे: अख्खी ठेवायची की चिरून? आधी उकळत्या पाण्यातून काढायची का? आणि भरली भेंडी होईल अशी काही सोय आहे का? सासूबाई जानेवारीत येणार आहेत आणि त्यांना तीच आवडते.

दोडका | १७ ऑगस्ट

पुण्यात राहतो, त्यामुळे आधी प्रामाणिक शंका: भेंडी बारा महिने मंडईत असते, ती कोण गोठवतं? 😀 बाकी खिरीची पाककृती टाका.

अंगणवेल | १७ ऑगस्ट

दोडकाभाऊ, इथे हिवाळ्यात भारतीय दुकानात मिळते ती भेंडी बोटाने वाकवली तर मोडत नाही, रबरासारखी परत सरळ होते. तुम्ही मंडईत शेंडा मोडून बघता ना? इथे शेंडाच मोडत नाही.

टेक्सासकर | १७ ऑगस्ट

ह्यूस्टनहून. बारा वर्षं भेंडी लावतो, आठ वर्षं गोठवतो. तुमची एक चूक लिहिण्यातच दिसली: बाहेर ठेवून मऊ होऊ दिली. गोठलेली भेंडी कधीही वितळू द्यायची नाही. फ्रीझरमधून थेट तापलेल्या कढईत. चिरायचीच असेल तर दगडासारखी असताना चिरा, दोन मिनिटांत चकत्या पडतात आणि एक तार सुटत नाही. सुरी मात्र जड घ्या आणि बोटं सांभाळा.

दुसरी चूक: रोज थोड्या ओल्या भेंड्या एकाच पिशवीत. त्यांचा एक गोळा होतो. आधी ताटात सुट्या पसरून गोठवा, मग पिशवीत भरा. तुमच्या रोजच्या सात-आठला तर ही पद्धत छानच आहे, एक लहान ताटली पुरते.

पेशीभित्तिका | १८ ऑगस्ट

अन्नतंत्रज्ञान शिकले आहे म्हणून थोडं कारण सांगते.

भेंडीची बुळबुळ म्हणजे पेशींमध्ये साठवलेल्या लांब साखळ्यांच्या शर्करा. पेशी शाबूत असेपर्यंत ती आत असते. पेशी फुटली आणि पाणी मिळालं की ती फुगते, तार धरते. म्हणूनच आपल्या आया भेंडी आधी धुऊन, पंच्याने कोरडी पुसून मगच चिरतात. गोठताना पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे स्फटिक पेशीच्या भिंती फोडतात. जितकं हळू गोठेल तितके स्फटिक मोठे. किलोभर भेंडीची पिशवी घरगुती फ्रीझरमध्ये आतपर्यंत गोठायला खूप वेळ घेते, ताटात सुटी पसरलेली भेंडी फार लवकर गोठते. टेक्सासकरांचं ताट याच कारणाने चालतं. आणि वितळवली की फुटलेल्या पेशींतलं सगळं बाहेर. तुमची खीर.

उकळत्या पाण्याचा प्रश्न वेगळा. भेंडी तोडल्यावरही तिच्यातली विकरं (एन्झाइम्स) काम करत राहतात. फ्रीझरमध्ये ती मंदावतात, थांबत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी रंग मळकट होतो, सुक्या गवतासारखा वास येतो. उकळत्या पाण्यातून काढल्याने ती निकामी होतात. जॉर्जिया विद्यापीठात अमेरिकेतलं घरगुती अन्नसाठवणीचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचं भेंडीसाठीचं माप असं: लहान भेंडी ३ मिनिटं, मोठी ४ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात.

दोन गोष्टींत लोक चुकतात. एक, देठाकडची टोपी कापताना आतले बियांचे कप्पे उघडे पडू द्यायचे नाहीत, नाहीतर भांड्यातच बुळबुळ. दुसरी, पाणी कमी घेतात. अर्ध्या किलोला चार लिटर तरी हवं, भेंडी टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी फुटली पाहिजे. नाही फुटली तर भेंडी शिजते.

आणि फ्रीजमध्ये काळवंडणं: भेंडी उष्ण प्रदेशातली, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली तिला थंडी बाधते. फ्रीज ४ अंशांवर असतो. कागदात गुंडाळून दारातल्या कप्प्यात ठेवा, एखाद-दोन दिवस जास्त टिकेल, इतकंच.

टेक्सासकर | १८ ऑगस्ट

ताई, शास्त्र मान्य, पण मी आठ वर्षांत एकदाही उकळलेली नाही. कच्ची, कोरडी, ताटात. उकळलेली भेंडी कितीही पुसा, काचऱ्या कुरकुरीत होत नाहीत.

पेशीभित्तिका | १८ ऑगस्ट

किती महिन्यांत संपवता?

टेक्सासकर | १८ ऑगस्ट

दिवाळीपर्यंत संपते. 😅

पेशीभित्तिका | १८ ऑगस्ट

मग बरोबर आहे, तुम्हाला गरजच नाही. अंगणवेलताईंना जानेवारी गाठायची आहे.

सुगरणीचा_खोपा | १८ ऑगस्ट

नाशिकहून. गच्चीवर कुंड्यांत आठ रोपं आहेत, त्यामुळे "भाजीपुरत्या जमत नाहीत" हे दुखणं पूर्ण समजलं. दोडका, तुमच्यासाठी: कुंडीतली भेंडी आणि मंडईतली भेंडी यांत फरक असतो हो.

मी उकळतही नाही, कच्चीही ठेवत नाही. परतून ठेवते. रोजच्या भेंड्या धुऊन पुसून चकत्या करायच्या, लोखंडी कढईत चमचाभर तेलावर मोठ्या आचेवर परतायच्या. झाकण नाही, मीठ नाही. मीठ घातलं की पाणी सुटतं. तार संपली की गॅस बंद, पूर्ण शिजवायच्या नाहीत. ताटात पसरून पूर्ण गार करायच्या, मग डब्यात. रोजची एक मूठ रोज त्याच डब्यात पडते, सुटी राहते. भाजीच्या दिवशी फोडणीत मिरची-लसूण, वरून ही भेंडी, आता मीठ, शेवटी दाण्याचा कूट. सात मिनिटांत डबा तयार.

आमच्याकडे दुपारी लाइट जाते, आणि फ्रीजचा फ्रीझर म्हणजे काही वेगळा फ्रीझर नव्हे. दार दिवसातून वीसदा उघडतं. म्हणून मी महिन्याच्या वर ठेवत नाही.

शारजावाली | १९ ऑगस्ट

इकडे आखातात कुठल्याही दुकानात इजिप्तची गोठवलेली भेंडी मिळते, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. पुड्यावर 'झीरो' लिहिलेलं असतं, म्हणजे सर्वांत बारीक. अरबीत भेंडीला बामिया. ती अख्खी, टोपी शंकूसारखी तासलेली, म्हणजे पेशीभित्तिकाताई म्हणतात तसे कप्पे बंदच. माझ्या इजिप्शियन शेजारणीने शिकवलं: मटण आणि टोमॅटोच्या रश्शात शेवटी गोठलेलीच टाकायची, वर लिंबू पिळायचं आणि डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं. एक तार नाही. मी तीच भेंडी चिंचगुळाच्या आमटीत टाकते. घरच्या भेंडीलाही हाच नियम लावा की. बोटाएवढी व्हायची वाटच बघू नका, लहानच तोडा.

फोंडेकर | १९ ऑगस्ट

आंबट घातलं की भेंडी सुतासारखी सरळ होते. आमच्याकडे गोव्यात भेंड्यांना सोलां (आमसुलं) हवीतच, नाहीतर ताक. आणि भेंडे म्हणजे सात शिरांचे, लांबलचक. ते लांब झाले तरी कोवळे राहतात, तुमच्या पाच शिरांच्या अमेरिकन भेंडीसारखे लाकूड होत नाहीत. गोठवायचं कधी सुचलंच नाही, श्रावणात घरात उरतात कुठे!

दोडका | १९ ऑगस्ट

अवांतर: मुंबईच्या भेंडीबाजाराशी या भेंडीचा संबंध आहे का?

फोंडेकर | १९ ऑगस्ट

भाजीशी नाही. भेंडी नावाचं झाड असतं, पिवळ्या फुलांचं, समुद्रकाठी दिसतं. त्या झाडांवरून नाव पडलं असं सांगतात. इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून 'बिहाइंड द बझार' म्हणायचे त्याचं भेंडीबाजार झालं, अशीही एक गोष्ट आहे. पण झाड आणि भाजी चुलतभावंडं खरी. जास्वंद, कापूस, अंबाडी, सगळं एकच घराणं. भेंडीचं फूल बघा, जास्वंदच वाटेल.

आजी_लातूर | २० ऑगस्ट

नातवाने टाइप करून दिले आहे. आमच्या वेळी फ्रीझर कुठला. 'परभणी क्रांती' ही जात आली तेव्हा सगळ्यांनी तीच लावली, कारण तिच्यावर केवडा रोग लवकर पडत नव्हता. पाने पिवळी पडली की पुढची भेंडी पण पिवळी पडते, म्हणून ते बियाणे लोकांना सोन्यासारखे वाटले. जास्त झाली की आम्ही भेंडी उभी चिरून आंबट ताकात मीठ-हळद घालून रात्रभर ठेवायचो, सकाळी पत्र्यावर उन्हात. संध्याकाळी परत त्याच ताकात. असे ताक संपेपर्यंत, मग कडक वाळेपर्यंत ऊन. डब्यात वर्षभर राहते. तळून खिचडीसोबत खा. बुळबुळ नावालाही राहत नाही. पोरी, तुझ्याकडे ऊन आहे ना?

अंगणवेल | २० ऑगस्ट

आजी, नमस्कार! ऊन आहे पण हवा इतकी दमट की पापड दोन दिवसांत मऊ पडतात. वाळवायचं यंत्र आहे एका मैत्रिणीकडे, मागून आणते.

शेजारी एक वयस्क बाई राहतात, जन्म इथलाच. त्यांना सहज विचारलं तर हसून म्हणाल्या की भेंडी उकळणं वगैरे त्या फक्त रश्शासाठी करतात. तळायची असेल तर चकत्या मक्याच्या जाडसर पिठात घोळवून तशाच ताटात गोठवायच्या, पुढे कधीही थेट गरम तेलात. त्यांच्या आजीकडून आलेली पद्धत. त्यांनीच सांगितलं की भेंडी या मुलखात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली. 'ओक्रा' हा शब्द नायजेरियातल्या इग्बो भाषेतला, आणि लुइझियानातल्या 'गंबो' रश्श्याचं नावही मध्य आफ्रिकेतल्या भेंडीच्याच नावावरून. मी इतकी वर्षं समजत होते की इथल्या लोकांना भेंडी आपल्यामुळे कळली!

आता ठरवलंय. सप्टेंबरात पाच पिशव्या करते, तारीख घालून, आणि जानेवारीत एकेक उघडते.

टेक्सासकर | २१ ऑगस्ट

तारखेसोबत पद्धतही लिहा, नाहीतर जानेवारीत सगळ्या हिरव्याच दिसतील. आणि पिशवीतली हवा काढा. तोंडाशी स्ट्रॉ लावून ओढली तरी चालते. हवा राहिली की भेंडीवर बर्फाची पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते आणि कडा सुकतात.

आणखी एक, अनुभवाने. २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा आमच्या भागात पाच दिवस वीज नव्हती. भरलेला फ्रीझर न उघडता साधारण दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एकच. मी पहिल्याच दिवशी चारदा उघडून बघितला, ही अक्कल. तिसऱ्या दिवशी साडेतीन किलो भेंडी अंगणातल्या गॅसवर सांबारात घातली आणि आख्ख्या गल्लीला वाटली. त्या दिवशी मात्र उकळण्याचा वाद कुणी काढला नाही.

सुगरणीचा_खोपा | २१ ऑगस्ट

टेक्सासकर 🤣 अंगणवेल, भरल्या भेंडीचं मला जमलेलं नाही, आधीच सांगते. मसाला भरून गोठवून पाहिली होती. खोबरं-कोथिंबीर ओली होते, शेवटी पाणीच पाणी.

पेशीभित्तिका | २२ ऑगस्ट

भरायची असेल तर मसाला कोरडा हवा: भाजलेलं बेसन, कूट, धणे-जिरे पूड, आमचूर. ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर नको. तरी ती ताज्यासारखी लागेल असं वचन मी देणार नाही.

---

अंगणवेल | १८ जानेवारी

धागा वर आणते आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिलं दहिवर गोठलं आणि एका रात्रीत सगळी रोपं काळी पडून माना टाकून उभी राहिली. तोवर पाच पिशव्या भरून झाल्या होत्या. सासूबाई ९ तारखेला आल्या, त्यामुळे परीक्षकही घरातच.

पिशवी १, कच्ची अख्खी, ताटात गोठवलेली (४ सप्टेंबर). टेक्सासकर, तुमची. गोठलेली चिरली, तार शून्य, हा चमत्कार वाटला. बिडाच्या कढईत मोठ्या आचेवर पसरून टाकली, तीन-चार मिनिटं ढवळलीच नाही. कुरकुरीतपणा बऱ्यापैकी. पण रंग मळखाऊ आणि चवीला किंचित गवत. मुलांना कळलं नाही, सासूबाईंना पहिल्या घासाला कळलं. नोव्हेंबरात याच पिशवीतली मूठभर केली होती, तेव्हा वास अजिबात नव्हता. म्हणजे दिवाळीची मुदत खरी आहे.

पिशवी २, अख्खी, ३ मिनिटं उकळलेली (७ सप्टेंबर). रंग असा हिरवा की आज तोडली वाटावी. भाजीला मात्र निरुपयोगी, मऊ पडते. चिंचगुळाच्या आमटीत शारजावालीच्या पद्धतीने टाकली, न ढवळता. हे इतकं छान झालं की दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी ताकाच्या कढीत गेली.

एक फजिती सांगायला हवी. पहिल्या घाण्याला मी पाणी दोन लिटर घेतलं आणि भेंडी किलोभर. उकळी परत येईपर्यंत भेंडी शिजून गेली, पाण्यालाच तार. तो घाणा कंपोस्टमध्ये. पेशीभित्तिकाताईंनी लिहिलेलं वाचून, समजून, तरीही केलं.

पिशवी ३, चकत्या परतून (१२ ते ३० सप्टेंबर, रोज मूठभर). काचऱ्यांसाठी हीच. थोडी आक्रसलेली दिसते, पण फोडणीत पडल्यावर वास घरभर. सासूबाईंनी पोळीसोबत दोनदा घेतली आणि विचारलं नाही की ताजी की शिळी. आणि माझ्या मूळ अडचणीवर, म्हणजे रोजच्या सात-आठवर, हेच खरं औषध. रोज कढई काढायचा कंटाळा येतो एवढंच. मी सकाळच्या पोळ्यांच्या तव्यावरच परतून घ्यायला लागले.

पिशवी ४, मक्याच्या पिठात घोळवलेली. शेजारच्या आजींची. डाळीचं पीठ, तांदळाचं पीठ, तिखट, ओवा असं करून अर्धी आपल्या पद्धतीने केली. मक्याची जास्त कुरकुरीत झाली, हे कबूल करते. एका वेळी थोडीच टाकायची, तेल एकदम गार पडतं. संपली, फोटो काढायच्या आत.

पिशवी ५, भरली. कोवळ्या भेंड्या, मिनिटभरच उकळून, पुसून, चीर देऊन, कोरडा बेसन-कुटाचा मसाला भरून, एकेक सुटी गोठवली. थेट पसरट तव्यावर, तेल जरा सढळ, झाकण न ठेवता, मंद आचेवर वीस मिनिटं. मसाला बाहेर आला नाही, तारही नाही. पण ती भरल्या भेंडीची टणक, दाताखाली कचकन तुटणारी साल नाही. सासूबाई म्हणाल्या, "चव आहे गं, पण ही भेंडी दमलेली आहे."

आजी, यंत्रात वाळवलेलीही केली, ताकात दोनदा बुडवून. मैत्रिणीचं यंत्र ताकाच्या वासासकट परत केलं, ती अजून बोलते आहे. पण खिचडीबरोबर तळून, काय सांगू! सासूबाईंनी अर्धा डबा वेगळा काढून ठेवला आहे. परत जाताना नेणार म्हणतात, लातूरच्या पद्धतीची भेंडी अमेरिकेतून सोलापूरला.

टेक्सासकर | १८ जानेवारी

"दमलेली भेंडी" 😂 मान्य. यंदा निम्मी परतून ठेवतो. बायको म्हणते बारा वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलंस.

पेशीभित्तिका | १९ जानेवारी

पाचव्या पिशवीत मिनिटभरच उकळणं मला पटत नाही, विकरं पूर्ण निकामी होत नाहीत. पण चार महिन्यांत वास आला नाही ना? मग मसाल्याने झाकला असेल. मार्चपर्यंत ठेवू नका.

अंगणवेल | १९ जानेवारी

सहाच उरल्या आहेत, मार्चचा प्रश्न येणार नाही. तीन दिवस समुद्रावर गेलो तेव्हाच्या त्या वीतभर अकरांपैकी दोन झाडावरच वाळवून बी काढून ठेवलंय. कुणाला अमेरिकेत हवं असेल तर सांगा.

आजी_लातूर | २० जानेवारी

बी लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव. वर तरंगेल ते टाकून दे. सासूबाईंना नमस्कार सांग, सोलापूरला कुठे असतात?

दोडका | २० जानेवारी

पाच महिन्यांनी कबुली: धागा वाचून बाल्कनीत चार रोपं लावली. रोज दोन येतात. दोन भेंड्यांचं काय करतात?

सुगरणीचा_खोपा | २० जानेवारी

तवा, चमचाभर तेल, मग डब्यात. अठरा दिवस थांबा, भाजीपुरत्या पस्तीस जमतील.

फोंडेकर | २१ जानेवारी

गवारीचं पण असंच करता येतं का हो?

टेक्सासकर | २१ जानेवारी

फोंडेकर, गवारीला वेगळा धागा काढा, तिथे भांडू.